पीसीएम १८०८ च्या इनपुटला २० किलोहर्ट्झचा फिल्टर लावायचा का? लेव्हल, कपॅसिटर आणि शिट्टीबद्दल सविस्तर

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना संदर्भ लागेल. वडिलांच्या कीर्तनाच्या जुन्या कॅसेटी आणि काही डीव्हीडी तुम्हाला डिजिटल करून ठेवायच्यात, त्यासाठी पीसीएम १८०८ या एडीसीचा (आवाजाच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपचा) तयार बोर्ड, ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर आणि एसडी कार्ड असा रेकॉर्डर जमवलाय, १२ व्होल्टच्या अडॅप्टरवरून एलएम२५९६ च्या बक (स्विच करून व्होल्टेज उतरवणाऱ्या) मॉड्यूलने ५ व्होल्ट काढलेत, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. तक्रारी तीन. डीव्हीडी प्लेयर लावला की आवाज फाटतो आणि सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्यूम कमी केला तरी फाटलेलाच राहतो. चालू केल्यावर पहिले काही सेकंद आवाज घरघरतो, मग आपोआप सुधारतो. आणि कॅसेट चालू नसताना मागे एक बारीक शिट्टी येते जिचा सूर हळूहळू सरकत राहतो. यावर तुमचा उपाय म्हणजे इनपुटला १ किलोओम आणि ८.२ नॅनोफॅरड लावून २० किलोहर्ट्झला फिल्टर करायचा, आणि तेवढ्याने नाही भागलं तर ऑपअँपचा चौथ्या ऑर्डरचा सॅलन-की, म्हणजे त्याहून तीव्र फिल्टर.

सॅलन-की बनवू नका. आणि तो १ किलो, ८.२ नॅनोवाला पण नको.

नायक्विस्टचा नियम (सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचंच नीट पकडता येतं, वरचं दुमडून खाली येतं) शिकलो की सगळ्यांच्या डोक्यात हेच बसतं की सॅम्पल रेट ४८ म्हणजे २४ च्या वरचं सगळं अ‍ॅनालॉगमध्येच कापलं पाहिजे, आणि जुन्या सक्सेसिव्ह अ‍ॅप्रॉक्सिमेशनवाल्या एडीसीच्या जमान्यात ते खरंच होतं, तेव्हा इनपुटला नऊ-नऊ, अकरा-अकरा पोलचे फिल्टर लावायचे लोक. पण १८०८ हा डेल्टा-सिग्मा आहे, तो आत ४८ हजार वेळा सॅम्पल घेत नाही, तो त्याच्या ६४ पट वेगाने घेतो, म्हणजे सेकंदाला ३०,७२,००० वेळा. तिथून ४८ हजारावर आणायचं काम चिपच्या आतला डिजिटल फिल्टर करतो. हा फिल्टर सॅम्पल रेटच्या ०.४५४ पटीपर्यंत, म्हणजे ४८ ला साधारण २१.८ किलोहर्ट्झपर्यंत, जवळपास सपाट असतो आणि ०.५८३ पटीपासून, म्हणजे २८ किलोहर्ट्झपासून पुढे ६५ डीबी खाली पाडतो. तुम्ही रेझिस्टर-कपॅसिटरने जे करायला निघालात ते काम चिपने आधीच केलंय, आणि तुमच्यापेक्षा कितीतरी तीव्रपणे केलंय. तुमचा १ किलो आणि ८.२ नॅनो बरोबर १९.४ किलोहर्ट्झला ३ डीबी पाडेल, १० किलोहर्ट्झलाच १ डीबी खाईल, म्हणजे टाळ-चिपळ्यांची सगळी धार बोथट, आणि ज्या २८ किलोहर्ट्झसाठी एवढा खटाटोप तिथे मिळणार फक्त ५ डीबी. तोटा पूर्ण आणि फायदा काही नाही.

मग अ‍ॅनालॉग फिल्टर लागतच नाही का, तर लागतो, पण वेगळ्या कारणासाठी. डिजिटल फिल्टरला एक आंधळी जागा असते. तो मॉड्युलेटरच्या, म्हणजे चिपमधल्या प्रत्यक्ष सॅम्पल घेणाऱ्या भागाच्या, नंतर बसलेला असतो, म्हणजे मॉड्युलेटरने जे एकदा दुमडून ऑडिओ बँडमध्ये आणलं ते त्याला खऱ्या आवाजासारखंच दिसतं, त्याला वेगळं काढता येत नाही. ३.०७२ मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जे काही इनपुटवर येईल ते सरळ ऐकू येणाऱ्या आवाजात उतरतं, कोणतीही घट न होता. ही एकट्या १८०८ ची गोष्ट नाही, सिरस लॉजिकच्या सीएस५३८१ सारख्या १२० डीबीच्या चिपच्या डेटाशीटमध्ये पण स्पष्ट लिहिलंय की मॉड्युलेटर ६.१४४ मेगाहर्ट्झला सॅम्पल घेतो आणि त्या आकड्याच्या पटींपाशी डिजिटल फिल्टर काहीही अडवत नाही. तुमच्या फिल्टरचं काम एवढंच, की त्या ३ मेगाहर्ट्झपाशी पुरेशी घट द्यायची आणि २० किलोहर्ट्झपर्यंत हात लावायचा नाही. दोन्हींमध्ये दीडशे पटीचं अंतर आहे, त्यामुळे एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर आरामात पुरतो. चिपच्या आत स्वतःचा एक अँटी-एलियासिंग फिल्टर आहे पण तो १.३ मेगाहर्ट्झला आहे, तो सिंगल पोल धरला तर ३.०७ ला जेमतेम ८ डीबी देतो, त्याच्या भरवशावर राहू नका.

आता तुमची शिट्टी. मला जवळपास खात्री आहे की ती एलएम२५९६ ची आहे. तो चिप नावाला १५० किलोहर्ट्झला चालतो पण डेटाशीटमध्येच त्याची रेंज १२७ ते १७३ अशी ऐसपैस दिलीय, त्यामुळे तुमच्या हातातला नग नक्की कितीला चालतोय ते मोजल्याशिवाय कळत नाही. समजा तो १४६.४ ला चालतोय, तर त्याचा २१ वा हार्मोनिक, म्हणजे २१ पट फ्रिक्वेन्सी, ३.०७४४ मेगाहर्ट्झला पडतो, मॉड्युलेटरपासून फक्त २.४ किलोहर्ट्झ लांब, आणि तुम्हाला २.४ किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येते. मॉड्यूल थोडं तापलं, फ्रिक्वेन्सी फक्त ०.१ टक्का सरकली, तर हार्मोनिक ३ किलोहर्ट्झने सरकतो आणि शिट्टी कुठल्या कुठे जाते. सूर सरकत राहणं ही याची खूण. मेन्सचा हम सरकत नाही, तो ५० आणि १०० हर्ट्झला ठाण मांडून बसतो. वायफायची टिकटिक पण वेगळी असते, राउटरचे बीकन साधारण १०२ मिलिसेकंदांनी येतात म्हणून सेकंदाला दहाच्या आसपास टिकटिक ऐकू येते, तसं काही असेल तर रेकॉर्डिंग चालू असताना वायफाय बंदच ठेवा, एसडी कार्डवर लिहायला ते लागत नाही.

खात्री करून घ्यायची सोपी युक्ती म्हणजे सॅम्पल रेट ४८ वरून ४४.१ करा आणि बाकी काहीच हलवू नका. ४४.१ ला मॉड्युलेटर २.८२२४ मेगाहर्ट्झला जातो. शिट्टी गायब झाली किंवा एकदम दुसऱ्याच सुराला उडाली तर ती दुमडून आलेली आहे. जिथल्या तिथे राहिली तर ती खरोखर त्याच फ्रिक्वेन्सीला तुमच्या वायरीत आहे आणि तिथे फिल्टरचा काही संबंध नाही, सोर्सकडे बघा. दुसरी चाचणी, इनपुटचा सिग्नल आणि ग्राउंड बोर्डपाशीच छोट्या तारेने शॉर्ट करा. शिट्टी तरीही आली तर ती इनपुटमधून येतच नाहीये, सप्लाय किंवा ग्राउंडमधून घुसतेय, आणि मग इनपुटला कितीही पोलचा फिल्टर लावा, ती हटणार नाही. माझ्या अनुभवात अशा स्वस्त बक मॉड्यूलच्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा हेच निघतं.

याचं कारण १८०८ च्या रचनेत आहे. त्याचं फुल स्केल, म्हणजे न फाटता मावणारा सगळ्यात मोठा सिग्नल, एखाद्या पक्क्या रेफरन्सवर ठरत नाही, ते अ‍ॅनालॉग सप्लायच्या ०.६ पट असतं, पीक टू पीक, म्हणजे लाटेच्या तळापासून शेंड्यापर्यंत. ५ व्होल्ट दिले तर ३ व्होल्ट, सप्लाय ४.७ वर घसरला तर २.८२, म्हणजे लेव्हल अर्ध्या डीबीने हलली. सप्लायवर जे नाचतं त्याचा थोडा हिस्सा आवाजात येतोच. म्हणून ५ व्होल्टची लाइन सरळ बोर्डला देऊ नका, मधे १० ओम आणि त्यापुढे ४७० मायक्रोफॅरड टाका, चिप अ‍ॅनालॉग बाजूने दहा मिलीअँपियरच्या आतबाहेर खातो म्हणजे ०.१ व्होल्टच पडेल. त्या ४७० च्या जोडीला ०.१ मायक्रोचा सिरॅमिक चिपच्या अगदी अंगाला हवा, नाहीतर मेगाहर्ट्झमध्ये मोठा इलेक्ट्रोलिटिक काही कामाचा नाही. अजून चांगलं म्हणजे बकमधून ६.५-७ व्होल्ट काढा आणि पुढे चांगला लिनियर रेग्युलेटर लावून ५ करा. सगळ्यात चांगलं म्हणजे जुना ट्रान्सफॉर्मर आणि ७८०५, तापतो तापू दे. बोर्डवर १ नंबरच्या पिनला, व्हीरेफला (आतल्या संदर्भ व्होल्टेजला), ०.१ आणि १० मायक्रो आहेत ना ते बघून घ्या, काही स्वस्त बोर्डांवर तिथला मोठा कपॅसिटर गाळलेला असतो.

आता डीव्हीडीचं फाटणं. हे साधं लेव्हलचं गणित आहे आणि खरं तर कॉन्फिगरेशनचा ८० टक्के भाग हाच असतो, पण लोक फिल्टरवर रात्र रात्र घालवतात आणि लेव्हल बघतच नाहीत. ३ व्होल्ट पीक टू पीक म्हणजे १.०६ व्होल्ट आरएमएस (लाटेची परिणामी किंमत). डीव्हीडी-सीडी प्लेयरचं आउटपुट पूर्ण लेव्हलला सर्रास २ व्होल्ट आरएमएस असतं, म्हणजे ५.६६ पीक टू पीक. तो आत मावणारच नाही. चिपमध्ये शिरतानाच शेंडे कापले गेले की पुढे सॉफ्टवेअरमध्ये कमी करून कापलेलेच शेंडे कमी आवाजात ऐकू येणार, म्हणून तुमचा व्हॉल्यूमचा उपाय चालला नाही. १८०८ मध्ये गेन कमीजास्त करायला काहीच नाही, ना रजिस्टर ना पिन, त्यामुळे बाहेरच विभागून द्यायला लागेल.

सीरीजमध्ये १० किलो, मग ग्राउंडला ६.८ किलो. चिपचा इनपुट इम्पीडन्स ६० किलोओम आहे तो ६.८ च्या समांतर येतो आणि ६.१ होतो, म्हणजे प्रमाण ०.३७९, ८.४ डीबी घट. २ व्होल्टचे ०.७६ झाले, फुल स्केलच्या ३ डीबी खाली. डीव्हीडी आधीच डिजिटल असते, तिचा कमाल आवाज ठरलेला असतो, त्यामुळे ३ डीबी जागा बास. प्लेयरला पुढे १६ किलोओमचा भार दिसतो, तेवढा कुठलाही प्लेयर हसत हसत ओढतो.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल की एवढे मोठे रेझिस्टर लावले तर त्यांचाच नॉइज येईल. करून बघू गणित. चिपला दिसणारा सोर्स १० आणि ६.१ समांतर, ३.८ किलोओम. याचा थर्मल नॉइज २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात साधारण १.१ मायक्रोव्होल्ट. चिपचा स्वतःचा नॉइज, ९९ डीबी धरून, १.०६ व्होल्टच्या खाली म्हणजे जवळपास १२ मायक्रोव्होल्ट. दहा पट कमी, वर्गमूळात बेरीज केली तर अर्धा टक्कासुद्धा भर पडत नाही. ११०-१२० डीबीच्या चिपला मात्र हेच रेझिस्टर चालणार नाहीत, तिथे शंभर-दोनशे ओमच्या भाषेत बोलायला लागतं, म्हणून कुठल्याही सर्किटमधले आकडे उचलण्याआधी ते कुठल्या चिपसाठी आहेत ते बघत जा.

आता त्याच ३.८ किलोओमचा फायदा घ्या. चिपच्या इनपुट पिनपाशी अ‍ॅनालॉग ग्राउंडला ४७० पिकोफॅरड टाकला की फिल्टर तयार, ८९ किलोहर्ट्झला. २० किलोहर्ट्झला ०.२ डीबी जातं, कुठल्याही कानाला कळत नाही. ३.०७२ मेगाहर्ट्झला जवळपास ३१ डीबी मिळतं, चिपचे आतले ८ धरले की ३९. तुम्हाला ०.२ पण टोचत असेल तर २२० पिको लावा, १९१ किलोहर्ट्झ, घट २४. मी ४७० च लावेन.

कॅसेट डेकला हा विभाजक नको. डेकचं लाइन-आउट साधारण ०.३ ते ०.५ व्होल्ट असतं, तो सरळ आत जाऊ द्या, फक्त सीरीजमध्ये १ किलो आणि पिनपाशी १ नॅनोफॅरड. कागदावर हे १५९ किलोहर्ट्झ होतं पण डेकचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स त्यात मिळतो, तो १ किलो असेल तर ८० च्या आसपास येईल, तरी हरकत नाही, २० किलोहर्ट्झला पाव डीबी. कॅसेटीवर मुळात १५-१६ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही नसतंच. तुम्ही टेप बायसच्या १०० किलोहर्ट्झची पण भीती लिहिलीय, तर बायस ऑसिलेटर रेकॉर्डिंग करताना चालतो, वाजवताना तो बंद असतो, सोडून द्या. आणि कॅसेटची लेव्हल फुल स्केलच्या जवळ न्यायच्या फंदात पडू नका. साध्या टेपची सुरसुर (हिस) सिग्नलच्या ५०-५५ डीबी खाली असते, तुमचा चिप ९९ देतोय, म्हणजे मधे ४० डीबीहून जास्त मोकळी जागा पडलीय. कीर्तनात बुवा गजर करतात, पखवाजाची थाप पडते, एकदम उसळी येते. पीक उणे १० ते उणे १२ ला ठेवा, नंतर एडिटिंगमध्ये वाढवा, काहीही बिघडत नाही.

एक ताकीद. नेटवर एडीसी इनपुट म्हणून शोधलं की सगळीकडे एक ठराविक सर्किट दिसतं, ऑपअँप, दोन्ही बाजूला ९१ ओम आणि मधे २७०० पिकोफॅरड. ते सीएस५३८१ च्या घराण्यातल्या डिफरेन्शियल (दोन तारांमधला फरक मोजणाऱ्या) चिपचं आहे. तिथे मॉड्युलेटरचे आतले छोटे कपॅसिटर थेट इनपुट पिनवर स्विच होतात, प्रत्येक वेळी पिनवर एक झटका मारतात, आणि तो झटका जागच्या जागी पचवायला तो २७०० पिको असतो, ऑपअँपला त्या झटक्यापासून वेगळं ठेवायला ९१ ओम. फिल्टर म्हणून तो ३०० किलोहर्ट्झच्या वरचा आहे, पण त्याचं निम्मं काम फिल्टरचं नाहीच. तोच २७०० उचलून तुमच्या ३.८ किलोओमच्या पुढे लावलात तर साडेपंधरा किलोहर्ट्झला आवाज कापला जाईल.

त्या कपॅसिटरच्या जातीबद्दल. ४७० पिको आणि १ नॅनो सी०जी, म्हणजे एनपी०, घ्या. पुण्याच्या तापकीर गल्लीत नुसता ‘४७१ सिरॅमिक’ (४७१ हा ४७० पिकोचा कोड) मागितलात तर काय हातात येईल सांगता येत नाही, बऱ्याचदा एक्स७आर किंवा त्याहून वाईट काहीतरी येतं. एक्स७आरची कपॅसिटी त्यावरच्या व्होल्टेजप्रमाणे बदलते, म्हणजे सिग्नलच्या प्रत्येक लाटेबरोबर फिल्टर थोडा हलतो, ते सरळ डिस्टॉर्शन. शिवाय टिचकी मारली तर माइकसारखा आवाज देतो. सी०जी मिळाला नाही तर पॉलिस्टायरीन किंवा फिल्म घ्या, थोडा मोठा असतो एवढंच.

आता पहिल्या काही सेकंदांची घरघर. तुम्ही इनपुटला सीरीजमध्ये १०० मायक्रोफॅरड लावलाय, ‘बेस चांगला यावा म्हणून’. चिपचा इनपुट पिन आत अर्ध्या सप्लायला, अडीच व्होल्टला, बसवलेला असतो आणि तो कपॅसिटर चालू झाल्यावर त्या ६० किलोओममधून चार्ज होतो. १०० मायक्रो गुणिले ६० किलो, टाइम कॉन्स्टंट ६ सेकंद. पिन शून्यापासून निघून अडीचकडे रांगत असतो आणि चिपची रेंज अडीचच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड व्होल्ट, म्हणजे पहिले तीन सेकंद तर तो रेंजच्या बाहेरच असतो, आणि त्यानंतरही बराच वेळ लाटेची एक बाजू कापली जात राहते. घरघर तीच. तिथे १ मायक्रो लावा, २.७ हर्ट्झ मिळतं, टाइम कॉन्स्टंट ६० मिलिसेकंद. २.७ हर्ट्झच्या खाली कॅसेटीत फक्त डेकच्या मोटरची डुगडुग असते, ती कोणाला हवीय? फारच वाटलं तर २.२ घाला, पुढे जाऊ नका. तसाही चिपच्या आत एक डिजिटल हाय-पास आहे, ४८ किलोहर्ट्झला ०.९१ हर्ट्झचा, तो डीसी ऑफसेट काढून टाकतो आणि १८०८ मध्ये तो बंद करायची सोय नाही. त्यामुळे १०० मायक्रोने बेस वाढणारच नव्हता.

हा १ मायक्रो फिल्म असेल तर उत्तम, इलेक्ट्रोलिटिक असेल तरी चालेल पण दिशा बघा, प्लस चिपकडे, कारण अडीच व्होल्ट तिकडे आहेत. बोर्डवर आधीच कपॅसिटर आहे का ते मीटरने कळतं, सोर्स काढून इनपुट सॉकेट आणि ग्राउंडमध्ये डीसी व्होल्टेज बघा, अडीच दिसले तर मधे कपॅसिटर नाही, शून्यापाशी असेल तर आहे. आधीच असेल तर तुमचा १०० मायक्रो त्याच्या सीरीजमध्ये बसतो, तेव्हा तो काढूनच टाका. क्रम असा ठेवा की १० किलो आणि ६.८ किलोचा विभाजक आधी, मग कपॅसिटर, मग पिन. विभाजक कपॅसिटरच्या पुढे, पिनच्या बाजूला लावला तर ६.८ किलो पिनचे अडीच व्होल्ट खाली ओढून टाकेल आणि मग एकतर्फी क्लिपिंग कायमचंच.

सीरीज रेझिस्टरचा अजून एक उपयोग जो लोकांच्या लक्षात येत नाही. उद्या तुम्ही हाच रेकॉर्डर घेऊन मंडपात जाल आणि साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन मागाल. मिक्सरचं आउटपुट +४ डीबीयूला १.२३ व्होल्ट असलं तरी जोरात +२० ला ७.७५ व्होल्ट आरएमएस सहज जातं, म्हणजे २२ पीक टू पीक. १० किलो सीरीजमध्ये असेल तर पिनच्या आतल्या प्रोटेक्शन डायोडमधून जाणारा करंट एक-दीड मिलीअँपियरच्या आत राहतो, चिप वाचतो. तुमचा रेकॉर्डर बंद आणि मिक्सर चालू, अशा वेळीही तेच. मिक्सरसाठी ६.८ च्या जागी १ किलो लावा, घट २० डीबीच्या वर जाते. आणि एक्सएलआरची माइकची लाइन यात घालू नका, तिथे ४८ व्होल्ट फँटम, म्हणजे माइकला त्याच वायरीतून दिलेला सप्लाय, असू शकतो.

हमबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण लॅपटॉप जोडलात की येणारच आहे म्हणून सांगतो. १८०८ सिंगल-एंडेड आहे, म्हणजे डेकचं ग्राउंड आणि बोर्डचं ग्राउंड यात जो काही फरक असेल तो त्याला सिग्नलच वाटतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा, हम गेला तर ग्राउंड लूप आहे. एसडी कार्डवर रेकॉर्ड करत असाल तर लॅपटॉप जोडूच नका, विषय संपला. जोडायचाच असेल तर १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. घरी ऑपअँपचा डिफरेन्शियल रिसीव्हर करायला गेलात तर चार १ टक्केवाल्या रेझिस्टरमध्ये वाईटात वाईट पकडलं तर ३४ डीबीच कॉमन मोड रिजेक्शन (दोन्ही तारांवर सारखा आलेला हम गाळायची ताकद) मिळतं, त्यापेक्षा टीआयचा आयएनए१३७ घ्या, त्याच्या आतले रेझिस्टर लेझरने ट्रिम केलेले असतात आणि तो ६ डीबी घट पण देतो, फक्त त्याला प्लस-मायनस सप्लाय करून द्यायला लागेल.

क्लॉकचं पटकन. ईएसपी३२ मधून मास्टर क्लॉक देताय तर एपीएलएल (त्यातलं ऑडिओसाठीचं क्लॉक-सर्किट) चालू करा, नाहीतर तो अपूर्णांकाने भागून क्लॉक बनवतो आणि तो थरथरतो. मी तर उलटं करतो, १२.२८८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर थेट १८०८ ला, एमडी० आणि एमडी१ या दोन्ही पिन हाय म्हणजे तो २५६ पटीचा मास्टर होतो, आणि ईएसपी३२ ला स्लेव्ह करतो. एफएमटी पिन लो, म्हणजे डेटा आय२एस या पद्धतीने बाहेर येतो. मग मात्र वरची ४४.१ वाली चाचणी करायला ११.२८९६ चा ऑसिलेटर लागेल, ती चाचणी आत्ताच, बदल करायच्या आधी उरकून घ्या.

९६ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करू का असं शेवटी विचारलंय. कार्ड झेपत असेल तर करा, डेटा ३२ बिटांच्या स्लॉटमध्ये धरला तर सेकंदाला ७६८ किलोबाइट होतो. कॅसेटीत ४० किलोहर्ट्झचं काही दडलंय म्हणून नाही, तर मॉड्युलेटर ६.१४४ मेगाहर्ट्झला जातो आणि तुमचा तोच ४७० पिको तिथे ६ डीबी जास्त देतो. शिवाय ४८ ला २४ ते २८ किलोहर्ट्झमधला जो पट्टा अर्धवट गाळून २० ते २४ मध्ये दुमडला जातो तो ९६ ला कानाच्या पार बाहेर पडतो. नंतर सॉक्स या सॉफ्टवेअरने ४८ ला उतरवा, त्याचा फिल्टर चिपमधल्या ६५ डीबीवाल्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

पीसीएम १८६३ घेऊ का, यावर माझं मत असं की फक्त कॅसेटींसाठी नको. तो चिप छान आहे, ११० डीबी, ३.३ व्होल्टवर चालतो, सिंगल-एंडेडला २.१ व्होल्ट आरएमएस घेतो म्हणजे डीव्हीडी प्लेयर विभाजकाशिवाय सरळ बसतो, एकापेक्षा जास्त इनपुट जोड्या आतच निवडता येतात आणि उणे १२ ते अधिक ३२ डीबी गेन आहे. पण तो आय२सी किंवा एसपीआयवरून सेट करायला लागतो, आणि गेनमध्ये एक मेख आहे. खरा अ‍ॅनालॉग गेन उणे १२ ते अधिक १२ पर्यंत १-१ डीबीने, मग थेट २० आणि ३२, मधले आकडे तो डिजिटलने भरून काढतो. म्हणजे १८ मागितलात तर वरचे ६ नुसतेच आकड्यांचे असतात, नॉइजमध्ये काही फायदा नाही, त्यापेक्षा २० घ्या किंवा १२ वरच थांबा. डेसिमेशन (सॅम्पल रेट खाली आणणारे) फिल्टर पण त्यात दोन मिळतात, एक एफआयआर आणि एक कमी उशीरवाला आयआयआर. तुम्ही फक्त रेकॉर्ड करताय, हेडफोनवर गाणाऱ्याला परत ऐकवायचं नाहीये, तेव्हा एफआयआरच ठेवा. घरात डेक, डीव्हीडी आणि मिक्सर तिन्ही कायम जोडून ठेवायचे असतील तेव्हा घ्या १८६३. आत्ता आधी ती इनपुट शॉर्ट करायची चाचणी करा आणि शिट्टी राहते का जाते ते इथे लिहा, राहिली तर सप्लायच्या वायरिंगचा फोटो टाका, ग्राउंड कुठून कुठे गेलंय ते बघितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.